तिरकिटातला ‘कि’

हातानं वाजवायचं ते वाजवून झाल्यावर वहीत लिहीत बसणं म्हणजे जेवून उठल्यावर ताटात काय काय होतं याची यादी करणं, असं नानांचं म्हणणं. पोट भरलं असेल तर यादी कशाला, आणि भरलं नसेल तर यादीनं भरणार आहे का?

नाना लालबागचे. मूळ गाव कणकवलीकडे. वडील गिरणीत, स्वतःही तिथेच बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि नोकरी गेली ती गेलीच. त्यानंतर मिळतील ती कामं केली. या सगळ्यात एकच गोष्ट सुटली नाही, ती पखवाज. मंडळाच्या भजनात आणि डबलबारीत साथ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ताई त्याच चाळीत वाढली. पहिली थाप तिला नानांनी शिकवली. पुढे ती तबल्याकडे वळली, रीतसर तालीम घेतली. आता दादरला राहते, बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार तबला शिकवते. प्रत्येक विद्यार्थ्याला तिनं रियाजाची वही ठेवायला लावली आहे. रियाज संपला की चार ओळी लिहायच्या.

या वहीवरून दोघांचं जे वाजलं ते मी समोर बसून ऐकलं. नानांचा मालवणी हेल कागदावर उतरवायच्या फंदात पडलो नाही. मध्ये जिथे राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

नाना : मला एक सांग, डबलबारीत समोरचा बुवा गजर लावतो, लय चढवत नेतो, तिथे माझा हात चालतो की नाही? तेव्हा कुठली वही उघडू? अभंग झाला, गवळण झाली, गजर आला, पब्लिक उठून उभं राहिलं. त्या वेळी हातात जे आहे तेवढंच आपलं.

ताई : त्या वेळी वही उघडा असं कोण म्हणतंय? मी दुसऱ्या दिवशीचं बोलते आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही बसायचात तेव्हा काल कुठे हात घसरला हे तुम्हाला कसं आठवायचं?

नाना : आठवायला कशाला लागतं? लोक सांगत. सकाळी नळावर गेलो की पहिला माणूस म्हणायचा, ‘नाना, काल गवळणीत समेला घाई केलीत.’ दुसरा म्हणायचा, ‘घाई कसली, बुवाच मागे राहिला.’ दोघांची जुंपायची. मी पाणी भरून घरात.

ताई : हेच म्हणते मी. तुमची वही त्या नळावर उभी होती.

यावर नाना हसले, पण सोडलं नाही. मला मात्र ताईचं वाक्य फार पटलं. लालबाग-परळच्या चाळीत एकट्यानं रियाज करणं शक्यच नव्हतं. लाकडी कठड्याची सलग गॅलरी, उघडी दारं, दहा बाय बाराच्या खोल्या. पखवाजाच्या थापेला भिंत अडवत नसे. शिवाय वेळ ठरलेली, आणि ती वाजवणाऱ्यानं नाही, गिरणीच्या पाळ्यांनी ठरवलेली. रातपाळीहून आलेला माणूस सकाळी झोपलेला असेल तर वाजवायचं नाही. म्हणून जो काही तास-दीड तास मिळे त्यात शेजारीपाजारी सगळे आपसूक श्रोते. त्यांना शास्त्र येत नसेल, पण रोज ऐकून रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं एवढं नेमकं कळे. त्याच जागी टॉवर उभे राहिले. खिडक्या बंद, एसी चालू, आणि वाजवणाऱ्याच्या आवाजाबद्दल कुणी बोललंच तर ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार करायला. मुलं तबल्यावर दुपटं टाकून वाजवतात. त्यांचा रियाज कुणी ऐकत नाही, आणि दुपट्याखाली त्यांना स्वतःलाही धड ऐकू येत नाही.

नाना : बरं, चाळ सोड. आमच्या गल्लीतली बेंजोची पोरं बघ. नवीन गाणं आलं की मोबाइलवर ऐकतात, दोन रात्रींत बसवतात. विसर्जनाला सगळं लालबाग नाचतं. एकालाही सरगम लिहिता येत नाही.

ताई : ती दहाजणं असतात, नाना. एकानं ताशा ओढला की बाकी नऊजण त्याच्याकडे वळून बघतात. माझा विद्यार्थी खोलीत एकटा असतो. तो चुकला तर कोण वळून बघणार?

नाना : मग गुरूनं बघावं.

ताई : गुरू शनिवारी पन्नास मिनिटं भेटते.

नाना : हे चुकतंय. वही नको, शनिवार वाढव.

ताई : माझी बँक बंद करू?

इथून गाडी अपरिहार्यपणे जुन्या तालमीवर गेली. नानांनी मोगूबाई कुर्डीकरांचं उदाहरण काढलं. गिरगावात राहणाऱ्या मोगूबाई किशोरीताईंना शिकवताना एखादी जागा दोनदा गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताई सांगत असत. दोन वेळांत काय घ्यायचं ते घ्या. नानांचा मुद्दा असा की लिहायची मुभा मिळाली की कान आळशी होतो. दोनदाच ऐकायला मिळणार हे ठाऊक असलेला माणूस ज्या जिवानं ऐकेल, त्या जिवानं वहीवाला ऐकणार नाही. ‘नंतर बघू’ म्हणायची सवय लागते. हा मुद्दा मला खोडता आला नाही. ताईनंही खोडला नाही, फक्त बाजूनं वाट काढली.

ताई : किशोरीताईंची गुरू त्यांच्या घरातच होती. आईनं दोनदा गायलं आणि मग मुलगी दिवसभर गुणगुणताना स्वयंपाकघरातून ऐकलं. तिसऱ्यांदा गायली नाही, पण ऐकायची थांबली होती का? माझ्या पोरांना मी दोनदा दाखवते आणि सहा दिवस ऐकत नाही. तालमीतलं कडक तेवढं घ्यायचं आणि आतली देखरेख सोडायची, असं कसं चालेल?

नाना : आणि उस्ताद लोक? लिहू देत होते?

ताई : सगळे नाही. पण तबल्यातला केवढा ऐवज वह्यांनीच वाचवला! अमीर हुसेन खाँसाहेब मुंबईत किती जणांना शिकवून गेले. १९६९ मध्ये ते गेले. त्यांच्याकडच्या बंदिशी आज आम्हाला मिळतात त्या शिष्यांनी जपून ठेवल्या म्हणून. अरविंद मुळगावकरांचं ‘तबला’ हे पुस्तक घ्या. आबान मिस्त्री त्याच खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांनी पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तुमच्या पखवाजाचीही परंपरा आहे त्यात.

नाना : ती शिकवलेल्याची वही. गुरूचा ऐवज. त्याला माझी ना नाही. तू पोरांना लिहायला लावतेस ते काय? ‘आज माझं बोट दुखलं.’ हा कसला ऐवज?

वादातली पहिली खरी फट इथे पडली. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाकडे एक वही असतेच: कायदा, त्याचे पलटे, तिहाया, रेले, तुकडे, खाली-भरीच्या खुणा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सुरू झाल्या की त्या वहीत व्याख्या आणि घराण्यांची माहिती शिरते आणि विशारदपर्यंत ती जाडजूड होते. त्या वहीत मिळालेलं सगळं असतं. त्याचं माझ्या हातात काय झालं हे मात्र नसतं. ताईची वही दुसरी. आपल्याकडे पहिल्या वहीला मान आहे. दुसरीला नाव नाही, आणि ती ठेवणारा माणूस थोडा स्वतःत रमलेला वाटतो.

लिहिण्याचा विषय निघाला आणि मुंबईत बसून भातखंड्यांचं नाव घेतलं नाही असं होणं नव्हतं. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, जन्म १८६०, पेशानं वकील. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले आणि पुढे उत्तरेत हिंडले. प्रश्न तयार करून न्यायचे, पंडितांना आणि खाँसाहेबांना विचारायचे आणि रोजनिशीत लिहायचं, कुणाची भीडभाड न ठेवता. १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले ते गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्याचं समाधान होत नाही, तो पुन्हा विचारतो. एवढं मोठं शास्त्र संवादात मांडायचं त्यांना का सुचलं असावं? मला वाटतं, वकिलाला उलटतपासणीशिवाय काही पटत नसावं.

नाना : त्यांनी दुसऱ्यांचं लिहिलं. स्वतः बैठक मारली का कधी?

ताई : नाही. ते मैफलीचे गवई नव्हते, खरं आहे.

नाना : मग ते तुझ्या कामाचे नाहीत.

ताई : एका बाबतीत आहेत. प्रश्न आधी तयार करून जायचे. मी पोरांना तेच सांगते. आज काय झालं याच्यापेक्षा उद्या कुठून सुरू करायचं ते लिहा. बहुतेक पोरं रोज तबला पुढ्यात घेतात आणि येणाऱ्याच गोष्टीनं सुरुवात करतात. हात गरम होतो, बरं वाटतं, आणि अडणाऱ्या जागेवर यायच्या आत आई जेवायला हाक मारते.

नाना : हे मात्र आहे हां. आमच्यातही एक होता. चाळीस वर्षं एकच ठेका फार छान वाजवला त्यानं.

मग ताईनं परदेशी हत्यार काढलं. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला, तो १९९३ मध्ये छापून आला. दहा हजार तासांची जी गोष्ट पुढे सगळीकडे झाली तिचं मूळ हेच. त्या विद्यार्थ्यांना आठवडाभर रोजनिशी लिहायला दिली होती. वरच्या दोन गटांतली मुलं आठवड्याला साधारण २४ तास एकट्यानं सराव करत होती. पुढे संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे तास ९ च्या आसपास होते. आणि सगळ्यांत चांगली मुलं दुपारी डुलकी जास्त काढत होती.

नाना : हे कुठे लिहिलंय? डुलकीचं? तेवढं मला झेरॉक्स काढून दे. घरात दाखवायला बरं.

ताई : डुलकी सोडा. रोजनिशी ठेवली म्हणून कळलं ना हे सगळं?

मी इथे तोंड घातलं, कारण ताईची ही बाजू लंगडी आहे. बर्लिनच्या मुलांना रोजनिशी दिली ती संशोधकांना मोजता यावं म्हणून, त्यांचं वाजवणं सुधारावं म्हणून नव्हे. लिहिल्यामुळे कुणाचं व्हायोलिन सुधारलं असं त्यातून निघत नाही. उलट त्या अभ्यासातून जगानं उचललं काय, तर तास मोजणं. आपल्याकडे चिल्ल्याच्या गोष्टींनी तेच केलं आहे. चाळीस दिवस कोंडून घेऊन अमुक तास घासलं, म्हणून हात तयार झाला. त्या चाळीस दिवसांत काय घासलं, कसं घासलं, गुरू बाहेर बसून ऐकत होता का, हे गोष्ट सांगणारा सांगत नाही.

ताई यावर रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘माझ्या वहीत तास लिहायला बंदी आहे.’ आधी मुलं लिहीत: आज दीड तास, उद्या दोन तास करीन. पालक ते वाचून खूश होत. एका पालकांनी तर मुलाच्या वहीत स्वतःच तास भरून आणले. तेव्हापासून तास बंद आणि पालकांचं अक्षरही बंद.

पालकांवरून मला लिओपोल्ड मोझार्ट आठवला. मुलीसाठी त्यानं १७५९ मध्ये एक वही सुरू केली होती. धाकटा वोल्फगांग त्यातलंच वाजवायला लागला, तेव्हा बाप एकेका तुकड्याखाली नोंद करू लागला. एका नोंदीत २४ जानेवारी १७६१ ही तारीख आहे, म्हणजे मुलाच्या पाचव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधीची. वेळही दिली आहे: रात्री नऊ ते साडेनऊ. अर्ध्या तासात तुकडा बसला.

नाना : बापानं लिहिलं, पोरानं वाजवलं. बरोबर वाटणी आहे.

ताई : बाप व्हायोलिन शिकवण्यावर पुस्तक लिहिणारा होता, नाना. आमचे बाप लोक शेअर बाजार बघत क्लासबाहेर बसतात.

शुमानचं उदाहरण मी मुद्दाम नानांच्या पारड्यात टाकलं. रॉबर्ट शुमान तरुणपणी रोजनिशी ठेवणारा, पियानोवर दिवसदिवस घालवणारा. १८३० नंतरच्या दोनेक वर्षांत उजव्या हाताचं मधलं बोट त्याला साथ देईना. बोटांच्या व्यायामासाठी काही यांत्रिक साधनही तो वापरत होता. बोट बिघडत चालल्याचं रोजनिशीत आहे. लिहीत राहिला, वाजवत राहिला, आणि मैफलीचा पियानिस्ट व्हायचं स्वप्न संपलं. पुढे तो थोर संगीतकार झाला, पण तो भाग वेगळा. लिहिणं म्हणजे स्वतःला ऐकणं असतं तर हे व्हायला नको होतं.

नाना : मी हेच कधीपासून म्हणतोय. जो कान वाजवताना चुकतो, तोच कान लिहिताना बसलेला असतो. त्याला चूक दिसणार कशी?

हा नानांचा सगळ्यांत धारदार मुद्दा. ताई जरा वेळ गप्प राहिली. मग तिनं तिच्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. माझ्या मते या सगळ्या भांडणाचा जीव त्या हकिगतीत आहे.

मुलगा परळचा, कॉलेजात जाणारा. दिल्लीकडचा एक कायदा घोटत होता, मध्ये तिरकिट येणारा. दुगुनीत साफ, चौगुनीला तिरकिट फाटायचं, ‘तिरट’ असं काहीतरी ऐकू यायचं. तिरकिटातले तीन आघात उजव्या हाताचे: ‘ति’ आणि ‘ट’ मधल्या दोन बोटांनी शाईवर, ‘र’ तर्जनीनं. एकटा ‘कि’ डाव्याचा, बायावर सपाट पंजा. चूक उजव्याची असणार, असं मुलानं ठरवून टाकलं आणि रोज उजवा हात घासत बसला. वहीत रोज तेच. तिरकिट अडतंय, उजवा जड. तिरकिट अडतंय, तर्जनी उशिरा. क्लासमध्ये तो घाबरून लय कमी धरायचा, त्यामुळे ताईसमोर तिरकिट स्वच्छ निघायचं. एका शनिवारी ताईनं त्याची मागची पानं सलग वाचली. त्यात त्यानं सहज, विशेष काही न सुचवता, दोन-तीनदा लिहिलं होतं: भरीत अडलं, खालीत बरं गेलं.

ज्यानं तबला वाजवला आहे त्याला इथेच उजेड पडेल. भरीत बाया खुला असतो. ‘धा’, ‘धागे’ वाजवताना डाव्याचं मनगट टेकलेलं, बोटं वर वळलेली, आणि त्या घुमाऱ्यातून क्षणात पंजा सपाट करून ‘कि’ द्यायचा. खालीत बाया बंदच असतो, पंजा आधीच सपाट, म्हणून ‘कि’ वेळेवर पडतो. उजवा हात दोन्हीकडे तेच करत होता. गुन्हेगार डावा होता. ‘घे’वरून ‘कि’वर यायला उशीर होत होता, आणि त्या पोकळीत उजव्याचे दोन बोल एकमेकांवर आदळत होते.

ताई : त्याला हे कळलं नव्हतं. पण त्यानं लिहिलं होतं. कारण चुकीचं लिहिलं, जागा बरोबर लिहिली.

नाना : मी त्याला एकदा ऐकलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, डावा बघ म्हणून.

ताई : सांगितलं असतंत. पण तुम्ही त्याच्या घरी नसता, नाना. आणि माझ्यासमोर तो ते वाजवत नव्हता.

नाना : मोबाइल आहे ना? रेकॉर्ड करून पाठव म्हणायचं.

ताई : पाठवतात. चांगलं झालेलं पाठवतात. चार वेळा पुसून पाचवं. आणि स्वतःचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

नाना मग पखवाजाबद्दल बोलले. ते वादाला धरून नव्हतं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी भिजवलेली कणीक लावावी लागते. किती लावायची हे त्या दिवशीच्या हवेवर. पावसाळ्यात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. घुमारा हवा तसा येईपर्यंत थोडी काढायची, थोडी चढवायची. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पूड पुसायची, मगच खोळ घालायची. तसंच ठेवलं तर चामडं खराब होतं.

नाना : खरवडायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दुसरं काही करता येत नाही, हात कणकीचे. मग डोक्यात तेच फिरतं. कुठे घाई झाली, बुवानं कुठे बघितलं माझ्याकडे, उद्या ती चक्रदार आधी बसवायची. घरात कुणी हाक मारली तरी मी ओ देत नाही. तुझ्या वहीपेक्षा हे बरं, कागद फुकट जात नाही.

ताई : आणि तबल्याला कणीक लागत नाही.

नाना : नाही.

ताई : तबला झाकला, कॉटखाली सारला आणि मोबाइल हातात. पाच मिनिटंसुद्धा नाहीत मध्ये. मी त्यांना चार ओळी लिहायला लावते ती तुमची कणीक आहे.

नाना या वाक्यावर हरले असं मी म्हणणार नाही. त्यांनी मान डोलावली, पण ती डबलबारीत समोरच्या बुवाची चांगली जागा आली की डोलावतात तशी. आपली बारी आल्यावर उत्तर द्यायचं असतंच. मला स्वतःला इथे ताईची बाजू पटली आहे, मात्र तिनं सुरुवातीला मांडली होती तशी नाही. वही स्मरणासाठी नको, मोजमापासाठी तर नकोच. वाजवणं आणि उठणं यांच्यामध्ये हात रिकामे ठेवणारी थोडी जागा पाहिजे. जुन्या वाद्यांनी, जुन्या घरांनी, घरातल्या गुरूंनी ती आपोआप दिली होती. कुणाला ती लिहून मिळेल, कुणाला परळहून दादरपर्यंत चालत जाताना. लिहिण्याचा जास्तीचा फायदा एवढाच की मागचं पान दुसऱ्याला वाचता येतं, आणि तिरकिटाचं कोडं सुटलं ते त्या दुसऱ्याच्या वाचण्यामुळे.

नाना नेमकं तिथेच आले.

नाना : वाचतं कोण ती वही?

ताई : मी. शनिवारी.

नाना : मग ती पोरं तुझ्यासाठी लिहिणार.

ताई : ...थोडं होतं तसं.

नाना : थोडं? सासरी पाठवलेल्या पत्रात मुलगी खरं लिहिते का? बाईला वाचायचंय म्हटल्यावर अक्षर सुधारेल, चुका पण नीटनेटक्या होतील. ‘डाव्या हाताच्या संतुलनावर काम करायला हवं.’ असलं मराठी कोण बोलतं?

ताईला हसू आलं, कारण अगदी असंच वाक्य एका वहीत आहे. पण प्रश्न खरा होता. तिनं वाचायचं बंद केलं तर मुलं मोकळेपणानं लिहितील, आणि भरी-खालीची ती नोंद कायमची वहीतच पडून राहील. वाचत राहिली तर हळूहळू नोंदीच अशा येतील की ज्यात सापडण्यासारखं काही उरणार नाही. चाळीतल्या नळावर ही अडचण नव्हती. तिथे ऐकणाऱ्यांना काही दाखवण्यासाठी नाना वाजवत नव्हते, आणि तरी ते ऐकत होते. हे दोन्ही एकत्र आता कुठून आणायचं, हे त्या दिवशी तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नाही.

नानांनी एक तोडगा काढला. वही ज्याची त्याच्याकडे. शनिवारी मुलानं वही न उघडता तोंडानं सांगायचं, आठवडाभर कुठे अडलं. जे तोंडात येईल ते खरं, जे येणार नाही ते लागलंच नाही. ताईला हे अर्धं मान्य. तिची अट अशी की मुलानं स्वतः निवडलेलं एक पान, फक्त एक, तिला वाचून दाखवायचं. परळच्या मुलानं ‘खालीत बरं गेलं’ असं कधीच तोंडानं सांगितलं नसतं, कारण ते सांगण्यासारखं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

क्रमावरून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. नाना म्हणत होते, आधी वाजवू दे, ऐक, मग काय ते पान वाच. नाहीतर वाचलेलंच तुला ऐकू येईल. ताई म्हणत होती, आधी पान, म्हणजे पन्नास मिनिटांत कान कुठे लावायचा ते कळतं. येत्या शनिवारी अर्ध्या मुलांना एका क्रमानं आणि अर्ध्यांना दुसऱ्या क्रमानं बसवायचं ठरलं आहे, आणि नाना स्वतः दादरला येऊन बसणार आहेत.

‘मी काही लिहिणार नाही,’ एवढं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.